पहिल्यापासून

आमच्या मिस्त्रींना टांग्यात बसवणं मोठं कठीण काम होतं. बोईसर स्टेशनाबाहेर टांगा उभा असायचा, मी टुणकन चढून बसायचो, आणि मिस्त्री खालीच. आधी ते डाव्या चाकाशी वाकायचे, आऱ्यांवरून हात फिरवायचे, आसाची खीळ बोटानं हलवून बघायचे. मग घोड्याच्या पुढून लांबचा वळसा घालून उजव्या चाकाकडे. टांगेवाला पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चाचा, बैठना है तो बैठो, घोडा खरीदना है तो मालिक से बात करो." मिस्त्री शांतपणे म्हणाले, "खीळ झिजलीया. बदल." त्यानं काही ती बदलली नाही. आठवड्याभरानं सरावलीच्या वळणावर त्याचं चाक निखळून एकटंच भातशेतात गेलं. नशिबानं टांगा रिकामा होता. त्यानंतर मिस्त्री दिसले की तो आपणहून खाली उतरायचा आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा बाजूला उभा राहायचा.

हे मिस्त्री टांग्याचे नव्हेत, विमानाचे. तारापूरच्या बाजूला तेव्हा मोठं काम उभं राहायचं होतं. त्याआधी किनाऱ्याची पाहणी करून नकाशे काढायचं थोडं काम आमच्या लहानशा कंपनीला मिळालं होतं. खाड्या, खाजणं, मिठागरं, वाळूचे दांडे, सगळं वरून बघायचं आणि कागदावर उतरवायचं. त्यासाठी चार माणसांचं एक विमान भाड्यानं आणलं होतं. सरावलीच्या पुढचा, समुद्राच्या बाजूचा एक माळ मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केला होता. कडेला पत्र्याची शेड, आणि शेडीच्या सावलीत खुर्ची टाकून रहस्यकथा वाचणारे कॅप्टनसाहेब. विमान ते उडवायचे. नकाशा मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसायचो मी. आणि आम्ही दोघांनी वर जायचं की नाही, हे ठरवायचे मिस्त्री. त्यांची सही वहीत पडल्याशिवाय कॅप्टनसाहेब खुर्चीवरून उठतसुद्धा नसत.

मिस्त्री कराडकडचे. लढाईच्या वर्षांत विमानांच्या कारखान्यात शिकलेले, पन्नाशीला टेकलेले, काटकुळे, खाकी अर्ध्या चड्डीतले. कानावर पेन्सिल. दहाही बोटांची नखं रोज सकाळी कापलेली, इतकी की मला बघूनच झिणझिण्या यायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नख वाढलं की बोट खोटं बोलाय लागतं." त्यांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. डोळा थकतो, डोळ्याला हवं तेच दिसतं, हाताला मात्र असेल तेच लागतं, असं त्यांचं म्हणणं. सरावलीला एका शेतकऱ्याच्या पडवीतली खोली आम्ही दोघांनी मिळून घेतली होती, त्यामुळे ही म्हणणी मला दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर ऐकायला मिळायची.

माझा स्वभाव घाईचा. आईच्या पोटातूनही मी महिनाभर आधीच बाहेर आलो होतो, असं घरचे सांगतात. असा मी आणि असे ते एका खोलीत. मी तीन मिनिटांत तयार होऊन दारात उभा, आणि हे अजून स्टोव्ह, माठ, खिडकी, कडी असं एकेकाला हात लावत हिंडतायत. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढायचे. मग माझ्या सायकलीकडे वळायचे. माझ्या सायकलीचे ब्रेक त्या वर्षात जितके चांगले होते तितके पुढे कधीच नव्हते, हेही सांगून टाकतो.

पण त्यांचं खरं रूप बघायचं ते माळावर. ऊन जरा वर आलं की ते विमानाच्या डाव्या दाराशी जाऊन चपला काढायचे. मला आधी वाटलं, भक्तिभाव. तसं नव्हतं. गवतात एखादा नट पडला असला तर तळव्याला लागतो, म्हणून. मग दारावर हात ठेवून मोठ्यानं म्हणायचे, "डावं दार. बघितलं." तिथून पंखाच्या टोकाला, तिथून मागं शेपटाला, पलीकडून उजव्या पंखाला, आणि शेवटी नाकावरच्या पंख्याला. प्रत्येक गोष्टीला हात, प्रत्येक गोष्टीचं नाव, आणि "बघितलं". अशा त्रेचाळीस गोष्टी होत्या. कंपनीनं यादी टाइप करून पुठ्ठ्यावर चिकटवून दिली होती. मिस्त्री त्या पुठ्ठ्यानं चहाचा टोप झाकायचे.

पंखातल्या टाकीखाली एक छोटी चावी असते. तिच्यातून ते जॅमच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढायचे आणि बाटली सूर्यासमोर धरायचे. समुद्राकाठची हवा, रात्रीत टाकीत पाणी धरतं. पाणी असलं तर ते तळाशी मण्यासारखं वेगळं बसतं. मणी दिसला की बाटली ओतून द्यायची, परत काढायचं, परत बघायचं. डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी होती, विमान किती जोरात चाललंय ते तिच्यातल्या वाऱ्यावरून कळतं. तिच्यात कुंभारीण माशी एका रात्रीत मातीचं घर बांधायची, म्हणून तिला रात्री लाल फडक्याची टोपी. तरी एकदा आत माती सापडलीच. ती तारेनं खरवडताना मिस्त्री हळहळले. "घर बेस बांधलं हुतं. जागा चुकली बिचारीची." माशीबद्दल इतक्या मायेनं बोलणारा माणूस मी नंतर बघितला नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. हे चाललेलं असताना मध्ये कुणी बोललं, तर मिस्त्री थांबायचे, बोलणाऱ्याकडे न रागावता बघायचे, आणि म्हणायचे, "पहिल्यापासून." की परत डाव्या दाराशी. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांचं जवळजवळ संपत आलं होतं, आणि मी नम्रपणे विचारलं, "अजून किती वेळ लागेल?" पहिल्यापासून. मी म्हटलं, "माफ करा." पहिल्यापासून. तिसऱ्यांदा मला ठसका लागला. ठसक्याला ते बोलणं धरतात की नाही, या विचारानं माझा जीव वरखाली झाला. सुदैवानं धरत नव्हते. माळावरचा राखणदार, जीपचा ड्रायव्हर, सगळे त्यांना पाठीमागे 'पहिल्यापासून मिस्त्री' म्हणायचे. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडायचंही.

त्यांची एकच म्हण होती आणि ती ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. "'केलं असंल' म्हंजे केलं न्हाई."

त्यांच्या कामात कधीच न बोललेलं एकच माणूस, ती म्हणजे मासळीवाली बाय. किनाऱ्यावरून बोईसरच्या बाजारात जायची तिची वाट आमच्या माळावरून होती. कंपनीनं कुंपण घातलं, तर तिनं एका जागची तार वाकवून आपली वाट परत चालू केली. मिस्त्रींचं चाललेलं असलं की ती डोक्यावरची पाटी तशीच ठेवून लांब उभी राहायची. मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाली, "तेच्यात काय? आमच्यात व्हडी निघताना मागून कोन हाक मारीत नाय. कुठं चाललास म्हनून पन इचारीत नाय. ह्याची व्हडी वर जाते, येवडंच." सही झाली की मिस्त्री तिच्याकडे जायचे, आणि एकेक बोंबील उचलून हुंगून घ्यायचे. ती म्हणायची, "इमान हुंगतोस ता हुंगतोस, माजं म्हावरं पन?" पण खराब बोंबील तिनं त्यांच्या पिशवीत कधी घातला नाही. मला दोनदा घातला.

दसऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मिस्त्री पुरे व्हायचे नाहीत. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, तेव्हा विमानाचीही करायची, असं ड्रायव्हर-राखणदार मंडळींनी ठरवलं. मिस्त्री स्वतः रोज सकाळी उदबत्ती लावणारे, ते नाही म्हणणार नव्हते. पण पूजा त्यांच्या पद्धतीनं. कुंकू फक्त चाकाच्या वाटीवर, एका बोटाचं. अक्षता नाहीत, कारण तांदूळ बिजागरीत जातात. हार विमानाला नाही, हत्यारांच्या पेटीला. आणि नारळ पन्नास पावलांवर, धोंड्यावर. ड्रायव्हर उत्साही माणूस, त्यानं नारळ असा आपटला की त्याच्या चहूकडे चिरफळ्या उडाल्या. मुंबईहून आलेले आमचे मोठे साहेब त्या दिवशी किनारा बघायला वर जाणार होते. ते टोपी घालून तयार. आणि मिस्त्री जमिनीवर बसून करवंटीचे तुकडे एकाला एक जुळवतायत.

सगळे तुकडे जुळले आणि एका जागी रुपयाएवढं भोक राहिलं.

"एक तुकडा कमी हाय," मिस्त्री म्हणाले. "पंख्यानं उचलला तर पंखा फुटंल, न्हाई तर चाक फाटंल." साहेबांनी घड्याळ बघितलं. मिस्त्रींनी बघितलं नाही, त्यांच्याकडे घड्याळच नव्हतं. मग आम्ही सगळे गुडघ्यांवर. राखणदार, ड्रायव्हर, मी, आणि थोड्या वेळानं, इलाज नाही म्हणून, साहेबसुद्धा, विजार वर ओढून. बाय पाटी खाली ठेवून आली आणि मुरूम चाळायला लागली. तासभर असा गेला. शेवटी रहस्यकथेचा एक भाग संपवून कॅप्टनसाहेब शेडीतून बाहेर आले. "काय हरवलंय?" म्हणाले. सांगितल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि खोबऱ्यासकट तुकडा काढला. ड्रायव्हरनं प्रसाद म्हणून दिला होता. उड्डाणाआधी खायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून उतरल्यावर खायला ठेवला होता. मिस्त्रींनी तो घेतला, भोकात बसवून बघितला, नारळ पुरा झाला तसे समाधानानं उठले, आणि तोंडातून हसू फुटायच्या बेतात असलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "पहिल्यापासून."

त्या संध्याकाळी माझे गुडघे सोलवटलेले होते. मिस्त्री भाकरी थापत होते. मी वैतागून म्हटलं, "मिस्त्री, एवढं कशाला हो? एखादी गोष्ट राहिली तर राहिली."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आमचा बा हिरीत उतरला हुता, गाळ काढाय," ते म्हणाले. "मी धा वर्सांचा. आईनं इचारलं, दोर बघितला का? चुलता म्हनला, बघितला असंल कुनीतरी." भाकरी उलटली. "कुनीच बघितला न्हवता."

पुढे त्यांनी आईबद्दल सांगितलं. तेव्हापासून ती गावात कुठल्याही विहिरीत माणूस उतरणार असला की तिथं जायची आणि आधी स्वतः दोर ओढून बघायची. कुणी बोलावलेलं नसायचं. लोक हसायचे, शिव्याही द्यायचे. सत्तरी उलटली तरी काठी टेकत जायची. 'केलं असंल'ची म्हण तिची होती. मला माझ्या सोलवटलेल्या गुडघ्यांची लाज वाटली, आणि त्या दिवशी मी तिसरी भाकरी मागितली नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा ती तार आली.

मिस्त्री नेहमीप्रमाणे माझ्याआधी माळावर गेले होते. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तारवाला दारात. त्यानंच वाचून दाखवली. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. मी सायकल अशी हाणली की ब्रेकची गरजच पडली नाही. वाटेत हिशेब मांडत होतो. बोईसरहून सकाळची गाडी तासाभरात होती. ती मिळाली तर मुंबईहून दुपारची पुण्याची गाडी मिळणार, आणि ती मिळाली तर मिस्त्री उद्या सकाळी घरी. चुकली तर आख्खा दिवस मागे. आणि अत्यवस्थ माणसाचा एक दिवस म्हणजे काय, ते मला कळत होतं.

माळावर पोचलो तर मिस्त्रींचं सुरू झालेलं. डावा पंख संपवून ते शेपटाकडे निघाले होते. मी सायकल टाकून धावलो आणि तोंड उघडणार, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. बाय.

"बोलू नको."

"अहो, त्यांची आई..." मी कुजबुजलो आणि तार दाखवली.

बायनं तारेकडे बघितलं, तिला वाचता येत नव्हतं, पण तार कशाला येते ते कुणाला सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "किती रायलंय त्याचं?"

"निम्म्याहून जास्त."

"आता बोललास तर काय करील?"

मला उत्तर ठाऊक होतं. बोललो असतो तर ते परत डाव्या दाराशी गेले असते. गप्प राहिलो तर दहा मिनिटांत सही, आणि सायकलवरून स्टेशन. जन्मात पहिल्यांदाच मी घाई असताना गप्प उभा राहिलो. तार पाठीमागे लपवली. पण नीट लपवली नसणार. शेपटाला वळसा घालून पलीकडे येताना मिस्त्रींची नजर माझ्यावर पडली, मग माझ्या हाताकडे गेली. ते क्षणभर थांबले. "शेपटाची बिजागरी," म्हणाले. "बघितली." आणि तसेच पुढे. उजवा पंख, उजवी टाकी, बाटली, उजवं चाक, तेल, पंखा. आवाज नेहमीचाच. सगळं संपवून वहीत सही केली, वही कॅप्टनसाहेबांना दिली, आणि माझ्यापुढे हात केला. "द्या."

तार वाचून त्यांनी तिची घडी केली आणि खिशात घातली. मी सायकल त्यांच्या हातात दिली. कॅप्टनसाहेब म्हणाले, "निघा मिस्त्री, इथलं आम्ही बघतो." मिस्त्रींनी मान हलवली, सायकल हातात धरून दहा-बारा पावलं गेले, आणि उभे राहिले.

ते वळून परत आले. कॅप्टनसाहेबांच्या हातातून वही घेतली आणि कानावरच्या पेन्सिलीनं सहीवर आडवी रेघ मारली.

"शेपटापासनं पुढं मी काय बघितलं, ते मला आठवत न्हाई," ते म्हणाले. "तोंड बोलत हुतं. हात फिरत हुता. मी तितं न्हवतो."

"पण मी होतो ना!" मी म्हणालो. "सगळं झालं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तुमी बघितलं. मी न्हाई."

मग माझा तोल गेला. आयुष्यात काही वाक्यं अशी असतात की ती परत घ्यायला पुढची तीस वर्षं पुरत नाहीत, त्यातलं हे एक. मी म्हणालो, "तुमच्या आईपेक्षा हा पत्र्याचा डबा मोठा आहे का तुम्हाला?"

मिस्त्रींनी सायकल नीट स्टँडला लावली, चपला काढल्या आणि डाव्या दारावर हात ठेवला. "पहिल्यापासून," म्हणाले. या वेळी ते आम्हाला उद्देशून नव्हतं.

त्या दिवशी माळावर जी शांतता होती ती मी नंतर कुठल्या देवळातही अनुभवली नाही. राखणदार गुरं हाकायचा तोही दांडकं खाली टाकून उभा. बाय पदर तोंडाशी धरून. मिस्त्री एकेकाला हात लावत चालले होते, आणि या वेळी प्रत्येक "बघितलं"च्या आधी अंमळ थांबत होते, स्वतःलाच विचारल्यासारखे. ते उजव्या चाकाशी वाकले असताना बोईसरच्या बाजूनं इंजिनाची शिट्टी आली. गाडी सुटली. त्यांचा हात चाकावर होता, तो तिथंच राहिला. "उजवं चाक," ते म्हणाले. "बघितलं."

सगळं जसंच्या तसं होतं. एक नटसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. मला वाटलं होतं निदान काहीतरी चुकलेलं निघेल, म्हणजे या उशिराला अर्थ तरी येईल. काही निघालं नाही. मिस्त्रींनी नवी सही केली आणि आता कुठं जायचं हे न कळून उभे राहिले.

कॅप्टनसाहेबांनी वही बघितली, रहस्यकथा खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "मिस्त्री, आज किनाऱ्याचं काम नको. काल मला इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला. जुहूच्या विमानतळावर नेऊन दाखवून आणतो."

मिस्त्री दुःख विसरून ताठ झाले. "इंजिनाला काय झालंय? आवाज सरळ हाय!"

"मग बसा शेजारी आणि ऐका," कॅप्टनसाहेब म्हणाले. "जुहूहून दुपारची पुण्याची गाडी आरामात मिळते."

तेव्हा मला कळलं, आणि माळावरच्या सगळ्यांनाच कळलं, की इतक्या वर्षांत मिस्त्री विमानात बसून कधी वर गेलेच नव्हते. हजार वेळा लोकांना वर पाठवलं, स्वतः कधी नाही. ते पुटपुटले, "मी कधी वर गेलो न्हाई. खालचा मानूस खालीच बरा." त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. बाय पुढे झाली. पाटीतलं केळीचं पान बाजूला करून तिनं मूठभर सुके बोंबील कागदात बांधले आणि त्यांच्या हातात दिले. "जा," म्हणाली. "तुज्यासारका बघनारा कोनाला मिलतो? आज तुला मिललाय."

मिस्त्री माझ्या जागेवर बसले. पट्टा तीनदा ओढला. मग खिडकीतून मला म्हणाले, "उटी तुमी काढा."

उटी म्हणजे चाकाखाली अडकवलेली लाकडं. ती काढायचं काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं. काढून, विमानासमोर लांब उभं राहून दोन्ही हातांत एकेक वर धरायची, म्हणजे आत बसलेल्याला दोन्ही दिसतात आणि एखादी चाकाखाली राहिली नाही हे कळतं. मी काढली, लांब गेलो, वर धरली आणि खाली केली. मिस्त्रींनी काचेआडून मान हलवली. नाही. मी घाई केली होती. मी परत दोन्ही हात वर केले, आणि दंड भरून येईपर्यंत वर ठेवले. मग त्यांनी हात केला. पंखा फिरला, विमान माळाच्या टोकाला गेलं, वळलं, आणि धावत येऊन आमच्या डोक्यावरून समुद्राकडे उचललं गेलं. मी तोपर्यंत उटी वरच धरून होतो.

मिस्त्री चौदा दिवसांनी परत आले. डोकं भादरलेलं, त्यावर टोपी. मी भात टाकला होता. बरेच दिवस जे म्हणायचं ठरवलं होतं ते मी म्हणून टाकलं. "मिस्त्री, मी त्या दिवशी नको ते बोललो."

त्यांनी हातानंच ते बाजूला सारलं. जेवायला बसल्यावर सांगितलं. दुपारची गाडी मिळाली, ते सकाळी घरी पोचले. आई होती. शुद्धीत होती-नव्हती. तीन दिवस तिचं एकच चाललं होतं, दोर बघितला का, दोर बघितला का. घरातले सगळे सांगत होते, बघितलाय, म्हातारे, बघितलाय. तिला पटत नव्हतं. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि परत विचारायची.

"मी उशाशी बसलो," मिस्त्री म्हणाले. "मला बी तेच. दोर बघितलास? मी म्हटलं, बघितला, आये. दोनदा बघितला."

त्यांनी पुढचा घास घेतला नाही.

"माझ्या तोंडाकडं लई येळ बघितलं तिनं. मग झोपली."